साडेचार फूट बाय नऊ इंच

शिवणबाईंनी छत्रीच्या सातव्या काडीचा टाका ब्लेडनं उसवला, तेव्हा मुकादम हातात टेप घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"साडेचार फूट बाय नऊ इंच," ते म्हणाले.

"काय?"

"वॉलपीस. पॅसेजच्या भिंतीला. साडेचार उंच, नऊ इंच रुंद. उंचीला थोडं इकडंतिकडं चालेल, पण रुंदी नऊच्या खाली नको."

बाईंनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं.

"हे काय माप झालं? जिराफाला मफलर शिवायचाय का?"

"पॅसेज अरुंद आहे. तिथं असंच लांबट शोभेल."

"शोभेल म्हणे! चाळीस वर्षं सिमेंट-वाळूत गेली, आणि आता तुम्हाला शोभायला लागलं."

"सुधारतो माणूस कधीतरी," मुकादम म्हणाले आणि त्यांनी टेप खटकन आत सोडली.

बाई हसल्या. छत्रीचं काळं कापड त्यांनी मांडीवर पसरलं, नऊ इंचांवर खडूनं रेघ ओढली आणि कात्री उचलली. घरामागच्या खड्ड्यात पंप धडधडत होता. चार महिने तो दिवसभर असाच धडधडत होता, आणि कपाटातल्या कपबश्या त्याच्याबरोबर बारीक किणकिणत होत्या. पूर्वी तिथं गाड्यांचं गॅरेज होतं. ते पाडून कुणीतरी मोठी इमारत बांधायला काढली होती आणि त्यासाठी तीन मजले खोल खणलं होतं. खाली पाणी लागलं, ते उपसून गटारात सोडत होते. पाणी गढूळ यायचं, मातीच माती. मुकादम रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि आधी त्या खड्ड्याभोवतीच्या पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभे राहायचे. परत आल्यावर बाईंनी काही विचारलंच तर म्हणायचे, "चाललंय."

त्या दोघांची खरी नावं आळीत आता कुणाला आठवत नव्हती. बाईंनी मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं शिवण शिकवलं, म्हणून त्या शिवणबाई. यजमान बांधकामांवर मुकादम होते, ते निवृत्त झाल्यावरही मुकादमच राहिले. घरातही बाई त्यांना चिडवताना मुकादम म्हणायच्या आणि एरवी अहो.

पहिला तडा बाईंना सापडला तो मागच्या खोलीत, खिडकीच्या वर. जळमटं काढताना. केसाएवढा बारीक होता, पण खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा चढत थेट छतापर्यंत गेला होता. बाई झाडू हातात धरून स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. "अहो, जरा इकडे या," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

त्याला कारण होतं. अकरा महिन्यांपूर्वी मुकादमांची छाती उघडावी लागली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, जपा, धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. आणि या माणसाला धक्का बसायचा तर तो याच गोष्टीचा बसणार, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. आयुष्यभर लोकांची घरं बांधली ती पोटासाठी. हे एकच स्वतःचं. सहा वर्षं एकेका सुट्टीच्या दिवशी त्यांनी इथं वीट ठेवली होती आणि बाईंनी कडेवर मूल घेऊन भिंतींना पाणी मारलं होतं. कुणी पाहुणा आला की मुकादम अजून भिंतीवर थाप मारून म्हणायचे, "हत्ती बांधा हिला, हलणार नाही." ऐकून ऐकून पाहुण्यांचे कान किटले होते, पण मुकादमांची हौस फिटली नव्हती.

मग बाईंनी शिवायला घेतलं. जुन्या पडद्याचा तुकडा, मुकादमांच्या दोन विटलेल्या पँटी, मुलीच्या शाळेच्या गणवेशाचा निळा स्कर्ट. चौकोन कापले, तिरके जोडले, मागून खळीनं जाड कापड चिकटवलं आणि वरच्या दुमडीत पडद्याची मोडकी दांडी घातली. विकत एक सुईसुद्धा आणायची नाही, जे घरात आहे त्यातूनच करायचं, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. खिडकीच्या वर तो वॉलपीस लागला तेव्हा मुकादम बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले होते.

"छान झालाय," ते म्हणाले होते. "झकास झाकलीस... सजवलीस भिंत."

त्यानंतर आणखी चार झाले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक, दिवाणखान्यात दोन, न्हाणीघराच्या दाराच्या वर एक. प्रत्येकाच्या मागे एक तडा होता आणि तो बाईंना एकटीला ठाऊक होता. त्यांचा आणखी एक नियम होता: एकदा टांगला की मागे बघायचं नाही. खरं सांगायचं तर त्यांना फार भीती वाटत होती. कढईत तेल ओतलं की ते एका बाजूला जमायचं. मागच्या खोलीचं दार लागेनासं झालं, तेव्हा मुकादमांनी "लाकूड फुगलंय" म्हणून रंधा मारला, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मारला. हवा कोरडी ठणठणीत असताना लाकूड कसं फुगेल, हे बाईंनी विचारलं नाही. त्या सुईत दोरा ओवायच्या. हात चालायला लागले की डोकं थांबायचं. शर्टाच्या पाठीचं मऊ कापड, उशीच्या अभ्र्याची किनार, डब्यात वर्षानुवर्षं साठलेली बिनजोडीची बटणं, यांत दोन-तीन तास असे निघून जायचे की जणू पंप बंदच पडलाय. घरातली टाकाऊ चिंधी आपल्या हातून देखणी होते आहे, एवढं सुख त्यांना पुरत होतं. नंतर भीती परत यायची, पण जरा दमून यायची.

पॅसेजचा वॉलपीस मात्र त्या अगदी मोकळ्या मनानं शिवत होत्या. पॅसेजच्या भिंतीला काही झालेलं नव्हतं. तिथला बल्ब गेला होता आणि महिनाभर मुकादम "उद्या बदलतो" म्हणत होते, एवढीच काय ती तिथली अडचण. नवऱ्यानं आपणहून, नुसत्या आवडीनं मागितलेला हा पहिलाच. काळ्या कापडावर त्यांनी पांढऱ्या बटणांची वळणावळणाची वेल काढली.

गुरुवारी दुपारी मुलीचा फोन आला.

"आई, रविवारी येतेय. बाळाला घेऊन. दोन महिने राहीन म्हणते."

"अगं ये की! आणि जावई?"

"तो नाही. त्याला कामं आहेत. आम्ही दोघीच."

"ये गं चिमणे, ये," बाई म्हणाल्या. नातीला जन्मल्यावर एकदाच पाहिलं होतं, त्याला चार महिने होत आले होते. तोंड आनंदानं बोलून गेलं आणि फोन ठेवल्यावर डोकं भानावर आलं. चिमणीची खोली म्हणजे मागची. पलंग खिडकीखाली. बाळ झोपणार ते त्या तड्याच्या बरोबर खाली.

मुकादमांना सांगितलं तर त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला.

"एवढ्याशा जिवाला घेऊन चार तासांचा प्रवास? नको म्हणावं. आणि हा पंप, ही धूळ. बाळ झोपेल तरी का?"

"बाळं आगगाडीतसुद्धा झोपतात."

"नंतर बोलाव. दोन-तीन महिन्यांनी."

"तुमचीच नात आहे ना?"

"म्हणून तर म्हणतो," मुकादम म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

बाईंना त्यांचा असा राग आला की काय सांगावं. मुलीला येऊ नको म्हणणं भाग आहे, हे त्यांना स्वतःला कळत होतं. पण ते यांनी म्हणावं? ज्यांना भिंतीतलं काही ठाऊक नाही, ज्यांना नुसती आपली झोपमोड नकोय, त्यांनी? त्या दिवशी वेलीची पानं फार घट्ट टाक्यांची झाली.

शुक्रवारी सांगूनच टाकायचं असं त्यांनी ठरवलं. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी तोंड उघडलंही. मुकादम तेव्हा गोळी जिभेखाली ठेवून, डोळे मिटून, तळव्यानं छाती चोळत होते.

"काय म्हणत होतीस?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"साखर पुरे ना, म्हटलं."

दुपारी वॉलपीस पूर्ण झाला. बाकीचे सगळे बाईंनी लावले होते, हा मुकादमांनी स्वतः लावला. त्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये चाचपडत त्यांनी खिळे ठोकले, दोन वर आणि दोन खाली.

"खाली कशाला खिळे?"

"वाऱ्यानं उडेल," मुकादम म्हणाले.

घरातल्या पॅसेजमध्ये कुठला वारा, असं बाईंच्या मनात आलं. पण माणूस मन लावून काम करत होता, म्हणून त्या गप्प बसल्या.

शनिवारी सकाळी मुकादम फिरायला गेल्यावर बाईंनी मागची खोली झाडायला काढली. अजून काहीच ठरलं नव्हतं. मुलीला फोन करायचा होता आणि तो होत नव्हता, म्हणून त्या झाडत होत्या. चादर बदलली. मग खिडकीवरचा वॉलपीस त्यांच्या नजरेत भरला. अडीच महिन्यांची धूळ बसली होती. बाळाच्या नाकातोंडात जाईल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या स्टुलावर चढल्या. नियम मोडतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर दांडी खिळ्यावरून निघाली होती.

तडा आता केसाएवढा राहिला नव्हता. करंगळीचं नख आत गेलं असतं. पण बाई बघत राहिल्या त्या तड्याकडे नव्हे. तड्यावर आडव्या, पाठीवर टाके घालावेत तशा, कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. एकाखाली एक, सहा. प्रत्येक पट्टी मधोमध फाटलेली. आणि प्रत्येकीच्या शेजारी सुतारी पेन्सिलीनं, मुकादमांच्या टोकदार अक्षरात, तारीख आणि सूत घातलेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे संसारात बाईंना पाठ झालं होतं. अर्धा सूत. पाऊण. एक. दीड.

ही पट्टी काय असते तेही त्यांना माहीत होतं. साइटवर भिंत तडकली की मुकादम तड्यावर कागद डकवायचे. कागद शाबूत राहिला तर तडा थांबला, फाटला तर भिंत अजून सरकतेय. घरी जेवताना त्यांनी हे कितीदा सांगितलं होतं.

बाईंनी सगळ्यात वरची तारीख वाचली. ती पहिला वॉलपीस टांगला त्याच्या दुसऱ्याच दिवसाची होती. सगळ्यात खालची कालची होती, आणि तीही पट्टी फाटलेली होती.

त्या स्टुलावरून उतरल्या. दिवाणखान्यातले दोन्ही उचलून पाहिले, मग स्वयंपाकघरातला, मग न्हाणीघरावरचा. सगळीकडे पट्ट्या, सगळीकडे तारखा. आपली खळीची वाटी इतक्या लवकर कशी संपते, याचं त्यांना दोन महिने नवल वाटत होतं.

शेवटी त्या टॉर्च घेऊन पॅसेजमध्ये गेल्या. खालचे दोन खिळे पकडीनं उपटले आणि काळं कापड वर उचललं. आतला तडा जमिनीपासून छातीपर्यंत उभा चढला होता. त्याच्यात टॉर्चचा उजेड शिरत होता. आजूबाजूचा गिलावा फुगून आला होता, बरोबर नऊ इंच रुंद. इथं पट्टी नव्हती. पट्टी लावण्याच्या पलीकडचं काम होतं ते.

मुकादम परत आले तेव्हा बाई पॅसेजमध्ये स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर वॉलपीस, हातात पेटलेला टॉर्च. मुकादमांनी बूट काढले, भिंतीकडे पाहिलं आणि ते तिथंच उंबऱ्यावर बसले.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिला शिवला तेव्हापासून. सगळे त्याच्यासाठीच शिवले."

"सगळे?"

"हा सोडून. हा तुम्हाला आवडला म्हणून शिवत होते."

मुकादमांनी मान खाली घातली.

"डॉक्टर म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "धक्का नको."

"मला वाटलं, तू हौसेनं शिवतेयस. शिवायला बसलीस की चेहऱ्यावर काय समाधान असायचं तुझ्या. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं गं. म्हटलं, चालू दे. तेवढीच भिंत झाकली जातेय, हिला दिसणार नाही."

"समाधान? भीतीनं शिवत होते हो मी."

मुकादम हसायला गेले, पण हसू काही नीट उमटलं नाही. ते उठून बाईंजवळ आले आणि त्यांच्या हातातला टॉर्च त्यांनी बंद केला.

"किती दिवस आहेत?" बाईंनी विचारलं.

"पाण्याबरोबर खालची वाळू जातेय. पायाच बसतोय. मागच्या खोलीचं मी काही सांगणार नाही. तिथं कुणी झोपायचं नाही, एवढंच सांगतो. आणि कालपासून स्वयंपाकघरातही जास्त वेळ उभी राहू नकोस." ते थांबले. "त्या खड्डेवाल्यांना तीनदा सांगून आलो. ऐकतायत कुठे? घड्याळवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. हे फिरायला जातो ते काय नुसता खड्डाच बघतो होय? आज शब्द देऊन आलो. आता तुला सांगायचं कसं, याच विचारात येत होतो."

बाईंना रडू आलं. घरासाठी आलं की या माणसासाठी, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी कापडाच्या कोपऱ्यानं डोळे पुसले आणि फोन उचलला. आता बोलणं सोपं होतं.

"चिमणे, उद्या येऊ नकोस."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं.

"घराला तडे गेलेत गं. मागच्या खड्ड्यामुळे. बाबा म्हणतात, आता इथं राहण्यात अर्थ नाही. आम्ही दुसरीकडे जातोय. नीट बस्तान बसलं की महिन्याभरात ये तू."

"बरं," मुलगी म्हणाली.

इतकंच. ज्या घरात लहानाची मोठी झाली त्याला तडे गेलेत हे ऐकून तिनं 'अगं बाई' म्हटलं नाही, 'कसे काय' म्हणून विचारलं नाही.

"तुम्ही दोघं ठीक आहात ना?" तिनं जरा वेळानं विचारलं.

"आहोत."

"मग आई, एक काम करशील? तू ते वॉलपीस करतेस ना, तसा एक मला पाठव. तयार असलेला नको, मापाचा हवा. सव्वा फूट बाय सव्वा फूट. कापड जाड घे. झोपायच्या खोलीच्या दाराला लावायचाय. कडीच्या जरा वर."

बाईंनी मुकादमांकडे पाहिलं.

"दाराला काय झालंय?"

"काही नाही."

"चिमणे, दाराला काय झालंय?"

बाळ कुरकुरायचं थांबलं होतं. बहुतेक तिनं त्याला छातीशी धरलं असावं.

"त्यानं दारच फोडलं, आई," मुलगी अगदी हळू म्हणाली. "फक्त दार."

बाई स्टुलावरून उठल्या. मांडीवरचं काळं कापड जमिनीवर पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

"तो कुठंय आत्ता?"

"कामावर. संध्याकाळी सातला येतो."

"तुझं आणि बाळाचं सामान बांध. बांधून झालं की शेजारी जाऊन बस. आम्ही येतोय न्यायला. तीनपर्यंत पोचतो."

"न्यायला? अगं, पण घर तर..."

"बाबांनी दोन खोल्या बघितल्यात."

"कशा आहेत?"

बाईंनी त्या खोल्या पाहिल्या नव्हत्या. त्यांनी वळून पाहिलं. मुकादम काही न विचारता पुन्हा बूट चढवत होते, आणि घाईत उजव्या पायातला डाव्या पायात जात होता.

"नुसत्या भिंती आहेत," बाई म्हणाल्या. "वर काही लावलेलं नाही."

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला.